आंबट रानातला घरजावई

मी घरजावई आहे आणि जिवाणूंची पाकिटं विकतो. सासूबाईंच्या मते दोन्ही गोष्टी सारख्याच. काम डोळ्यांना दिसत नाही, नुसता विश्वास ठेवायचा.

सासऱ्यांची जमीन आम्लधर्मी, म्हणजे चक्क आंबट. चवळी उगवायची, पण पिवळी पडून कुढत बसायची. "माझे जिवाणू मुळांवर गाठी करून राहतात आणि हवेतलं नत्र पिकाला देतात," असं सांगून गेल्या वर्षी मी मोठ्या ऐटीत पाकीट फोडलं. आंबट मातीत जिवाणू मेले आणि मला ताटावर बसताना मान वर करवेना.

यंदा मी शहाणा झालो. बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवलेले जिवाणू चोळले आणि वरून चुनखडीच्या पुडीचं चिलखत चढवलं. चवळी हिरवीगार झाली. मग काय विचारता! सगळ्या घराला बांधावर उभं करून मी एक रोप उपटलं आणि मुळावरची गाठ नखाने फोडली.

"आत गुलाबी दिसलं, की समजायचं जिवाणू कामाला लागलेत. पांढरं दिसलं, तर ते नुसते फुकटे. इथेच राहतात, इथलंच खातात आणि देत काही नाहीत!"

बोलून गेलो आणि पाहिलं, तर गाठीकडे कोणीच बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. बायकोला हसू आवरेना. माझे कान तापले.

सासूबाई पुढे आल्या, मला नीट निरखलं आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "राहू द्या यांना. कान गुलाबी झालेत."