मामांचा मुक्काम आणि सोळा नंबरची फाइल

आमच्या सुलभाच्या लग्नात सगळ्यात मोठा आहेर जिग्नाबेननी केला, आणि त्यांना आम्ही साधी पत्रिकाही दिली नव्हती. तलासरीत हायवेला लागून त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्या दिवशी त्या नसत्या, तर मी मामांना आज तोंड दाखवू शकलो नसतो. (मामा तसंही माझ्या तोंडाकडे फार बघत नाहीत, पण त्याची कारणं वेगळी.)

मी मूळचा हिंगोलीकडचा. सातवीतून शाळा सोडली आणि चिकूच्या वाडीत कामाला म्हणून डहाणूला आलो, तो इथलाच झालो. धाकट्या बहिणीला, सुलभाला, इथलंच स्थळ मिळालं. गावाकडचे पाहुणे बसनं येणार होते आणि उतरणार नवरदेवाच्या नातलगांच्या घरोघरी. नवरदेव मुंबईला कंपनीत. त्यानं एक्सेलची फाइल करून व्हॉट्सॲपवर पाठवली. एका पानावर घरं, दुसऱ्यावर पाहुणे, आणि कोण कुठं उतरणार ते आपोआप समोर येणार. मी फक्त चिठ्ठ्या छापायच्या आणि तलासरीत बस आली की वाटायच्या. एवढं काम कुणालाही जमलं असतं, म्हणून मला दिलं.

भीती होती दत्तूमामांची. आईवडलांमागं त्यांनीच आम्हाला वाढवलं. मांडवात सुलभाला तेच घेऊन येणार होते. आणि मामा माळकरी. इकडं निम्म्या अंगणांत बोंबील वाळत असतात. चुकून तसल्या घरी गेले तर आल्या पावली परत. सुलभानं मला बजावलंच होतं, "दादा, मामा गेले तर मी मांडवात येणार नाही. मग तूच बस पाटावर."

दुकानात जिग्नाबेन म्हणाल्या, "भाऊ, फाइल उघडून दिली आहे. प्रिंट दाबा. मी तोवर ह्या काकांचं लॅमिनेशन करते."

मी दाबणारच होतो, तेवढ्यात सुलभाच्या सासूबाईंचा फोन. "गंजाडच्या भावोजींकडे गाय व्यायलीय. तिकडचे पाहुणे शेजारच्या घरी पाठवा."

मी घरांच्या पानावर जाऊन एक नाव बदललं. फक्त एक. परत आलो तर सगळ्या पाहुण्यांसमोरची घरं गायब, आणि वरपासून खालपर्यंत 'नेम' असा इंग्रजी शब्द आणि पुढं प्रश्नचिन्ह. मी घाबरलो की सेव्ह करतो. (काहीही झालं तरी आधी सेव्ह करावं, असं कुणीतरी सांगितलं होतं. काय झाल्यावर करू नये, ते नव्हतं सांगितलं.) सेव्ह केलं, बंद केलं, उघडलं. तेच.

नवरदेवाला फोन लावला. सासूबाईंनीच उचलला. "तो हळदीला बसलाय."

"नुसता कानाला लावा ना."

"कानपण पिवळा आहे."

आणि बस आली. पहिले मामाच उतरले.

"बाळू, कुठं जायचं?"

"मामा, चहा घ्या."

"घेतला. कुठं जायचं?"

"बिस्किट?"

मामांनी चष्मा लावून स्क्रीन बघितला. सगळीकडे एकच शब्द. "सगळे एकाच ठिकाणी का? घर मोठं दिसतंय."

आता माझा आवाज रडका झाला. "जिग्नाबेन, फाइल खराब झाली हो."

त्यांनी फाइलची कॉपी केली, नावाचं शेपूट बदलून 'झिप' केलं, आणि फाइल ट्रंकेसारखी उघडली. आत बारक्या बारक्या फाइली. त्यातल्या एकीत, फाइल कुठल्या एक्सेलनं सेव्ह केली त्याचा नंबर असतो म्हणे.

"चौदा. हा तर माझ्याच कॉम्प्युटरचा नंबर," जिग्नाबेन म्हणाल्या. "तुम्ही सेव केलं ना? मग तिनं बापाचं नाव टाकून माझं लावलं. नवरदेवानं पाठवलेली असली फाइल कुठे आहे?"

असली फोनमध्ये होती. तीही तशीच झिप करून उघडली. नंबर निघाला सोळा.

"म्हणजे नेमकी कधीची?" मामांनी विचारलं.

"तेच तर नाय कळत, काका. दोन हजार सोळाचं एक्सेल असो, एकोणीसचं असो नाहीतर एकवीसचं. सगळे नंबर सोळाच लावतात."

मामांना लगेच पटलं. "आमच्या शाळेतपण सगळ्यांचा जन्म एक जूनचा. हा बाळूसुद्धा."

"मग खरं वय कसं ओळखता?"

"कुठला दुष्काळ आठवतो ते विचारायचं."

जिग्नाबेन हसल्या. त्यांनी असली फाइल एक्सेलमध्ये उघडली आणि घराच्या रकान्यावर क्लिक करून वरचा फॉर्म्युला दाखवला. "हिला बघा, हा आठवतो. म्हणजे एकवीसची, नाहीतर त्याच्याही नंतरची. माझं एक्सेल, नंबर चौदा असला तरी, दोन हजार दहाचं, त्यानं हा फॉर्म्युला जन्मात पाहिला नाय. फाइल चांगली आहे, भाऊ. बोट लावत नाही तोवर नवरदेवानं काढलेलं उत्तर दाखवते. बोट लावलं की माझं म्हातारं स्वतः हिशोब करायला जातं, आणि अडकतं."

खरंच, असलीमध्ये सगळी घरं जागच्या जागी होती. मामांचं बिनबोंबलाचं घरही.

मी हात पुढं केला.

"मागे," जिग्नाबेन म्हणाल्या. "श्वासपण लांबून घ्या." आणि त्यांनी स्वतः प्रिंट दाबली.

"पण ते गंजाडचं नाव बदलायचं राहिलं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातात पेन दिलं.

दुसऱ्या दिवशी सुलभा मामांचा हात धरून मांडवात आली. मामांनी डोळे पुसले. मीही पुसले, पण मी आदल्या दिवसापासूनच पुसत होतो.

जिग्नाबेननी छपाईचं काही घेतलं नाही. "बहिणीचं लग्न आहे ना," एवढंच म्हणाल्या. मी शब्द दिला, "तुमच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांची सगळी सोय माझ्याकडे."

त्यांनी प्रिंटरचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "तुम्ही जेवायला या, भाऊ."

हे ऋण मी एक दिवस फेडणार, हे नक्की. सुरुवात कशानं करायची तेही ठरलंय. त्यांचं ते पेन अजून माझ्याच खिशात आहे.