राबिनो आणि देवचाराची विडी

मी देवचाराच्या पाया पडलो नाही. कोरगावात सांगितली जाते ती माझ्या सौभाग्यवतीची आवृत्ती असून ती धादांत खोटी आहे!

आमची सूनबाई मोरजीला पर्यटकांसाठी खोल्या चालवते. तिथे उतरलेल्या, अर्जेंटिनाच्या एका वृद्ध ज्यू धर्मगुरूंना तिने आमच्याकडे चहाला बोलावले. मी तत्काळ जाहीर केले, "त्यांचे स्वागत मी स्पॅनिशमध्ये, त्यांच्या पदाला साजेशा शब्दाने करीन." (पोर्तुगीज अमदानीत मी शाळेत गेलेलो आहे, स्पॅनिश ती काय!)

"तुमच्यान जमाचा नाय," सौ. म्हणाली.

झाले! प्रश्न अब्रूचा झाला.

सुनेने मोबाइलवर शब्द काढून दिले. धर्मगुरू तो 'राबिनो', त्यांच्यातला सर्वश्रेष्ठ तो 'ग्रान राबिनो', प्रार्थना गाणारा तो 'खासान'. घरात हसणारे फार, म्हणून मी तिन्हीसांजेला मागच्या पोफळींच्या कुळागरात, एका दगडापाशी पाठांतराला बसू लागलो.

"थंय बसू नकात हां! देवचाराची जागा ती. काठी नि उजेड घेवन फिरता तो!" सौ.ने बजावले.

मी असले जागेचे अदृश्य राखणदार मानत नाही. दगडावर रोज एक विडी ठेवत असे, ती निव्वळ शिष्टाचार म्हणून.

पाहुणे यायच्या संध्याकाळी मी दगडावर विडी ठेवून अखेरची उजळणी करत होतो. वारा पडलेला, तरी एकच पोफळ डुलत होती. रातकिडे एकाएकी गप्प झाले.

"राबिनो," मी म्हणालो.

"राबिनो?" काळोखाने विचारले.

मी मान राखून म्हणालो, "ग्रान राबिनो."

"नो, नो," काळोख विनयाने उत्तरला. "राबिनो."

मग काठी वाजली. उजेड हलला. छातीपर्यंत रुळणारी पांढरी दाढी आणि काळी टोपी पुढे सरकली!

माझ्या मुखातून स्पॅनिशऐवजी खणखणीत गाऱ्हाणे बाहेर पडले. "बा देवचारा म्हाराजा, काय चुकला माकला आसात तर माफ कर, नि ही विडी मानून घे रे म्हाराजा!" साथीला कोणी नसल्याने "व्हय म्हाराजा!"ही मीच म्हटले, आणि खिशातला विड्यांचा अख्खा कट्टा त्यांच्या पायांवर ठेवला. (पायांवर वस्तू ठेवायची तर वाकावेच लागते. ह्याला पाया पडणे म्हणत नाहीत!)

मागून सूनबाई धापा टाकत आली. "बाबा, पावणे ते! गाडी वाटेर बंद पडली, म्हणान कुळागरातल्यान चलत इलों!"

चहाच्या वेळी सौ.ने साखरेचा डबा दाखवला, तेव्हा धर्मगुरू गंभीरपणे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

"बघा," सौ. म्हणाली, "एका सांजेत शिकले ते!"

पाहुणे विडी ओढत नव्हते; कट्टा त्यांनी जसाच्या तसा परत केला. मग दगडावरची विडी त्या संध्याकाळी कोणी नेली, ह्याचे उत्तर सौ.च्या आवृत्तीत कुठेच नाही.

हल्ली मी तिथे दोन ठेवतो. केवळ शिष्टाचार!