उतरवलेला तबला
वाजवण्याआधी हाताला पावडर लावली की तिच्या वासाने मला सावेडीतल्या एका शाळेचा व्हरांडा आठवतो. मी तेरा वर्षांची होते आणि आत तबल्याची परीक्षा सुरू होती. माझे तबल्याचे मास्तर मला सोनईहून घेऊन आले होते. तीन वर्षं माझा तबला तेच सुरात लावून द्यायचे. त्या सकाळीही त्यांनी तो लावला. माझ्या आधी एकच मुलगा उरला, तेव्हा त्यांनी हातोडी उचलली आणि तबल्याभोवतीचे लाकडी गठ्ठे खालून ठोकून सूर पार उतरवून टाकला. “मास्तर, आता माझा नंबर हाय.” “व्हय. मंग लाव की,” त्यांनी हातोडी पुढे केली. “मला न्हाई येत.” “परीक्षा तुझी हाय का माझी?” एवढं म्हणून ते चहा प्यायला निघून गेले. आतल्या पेटीचा सूर ऐकत मी एकेक गठ्ठा ठोकत गेले. नाव पुकारलं तेव्हा एक बाजू जराशी उतरलेलीच होती. मी पास झाले. आजही कुणी लावून ठेवलेल्या तबल्यावर माझा हात बसत नाही; आधी मी तो पूर्ण उतरवते.