छापून आलंय का?

कंधारच्या वाचनालयातले एक कारकून दुपारभर इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात फुकट लिहीत बसतात. आसपासच्या कितीतरी गावांची पानं त्यांनीच केलीत. काहीही सांगा, चष्मा कपाळावर सारून विचारतात, "छापून आलंय का कुठं?"

परवा शांतपणे म्हणाले, "आज आमच्या वाडीचं पान उडवून टाकलो. मीच लिहिलेलं. पण छापील पुरावाच मिळून न्हाई राहिला."

मी म्हटलं, "अहो, तुमची आई राहते की तिथं!"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आईचाच होता. त्यांनी तो पालथा ठेवला.

"घरच्यांचं बोलणं पुरावा म्हणून धरत न्हाईत," ते म्हणाले. फोन वाजतच राहिला. मग त्यांनी हळूच विचारलं, "तुमचं गाव कोनतं म्हणलात?"

मी सांगितलं नाही.