बर्फावरच्या धुळीचे मास्तर

कुठेही टेकण्याआधी आमचे विज्ञानाचे मास्तर बोट फिरवत. बाकावर, सायकलच्या सीटवर, एकदा तर हेडमास्तरांच्या टोपीवर. बोटाला लागलेली धूळ उन्हात धरून विचारत, "ही बाई कुठची म्हणायची?" तुम्हीही हसला असता.

१९५०च्या दशकात चांद्याकडच्या सावली गावच्या शाळेत आम्ही दोघे बरोबर शिकवत होतो. घरे शेजारी, अंगण एकच.

"उत्तर ध्रुवाकडं बर्फात धूळ सापडते, भाऊ," ते मला सांगत. "तिथी ना वावर, ना बैलगाडी. मंग आली कुठून? वाऱ्यानं आणली. कोणत्या मुलखातून, थेच शोधून राह्यले लोक."

नागपूरचे एक प्राध्यापक या शोधात होते. परदेशी बर्फातल्या कणांशी ताडून पाहायला त्यांना आपल्याकडच्या वाऱ्यातले कण हवे होते. दूरच्या वाळवंटाची धूळ इथवर येते असे दिसले, तर मास्तरांना ते आपल्या प्रयोगशाळेत घेणार होते. मास्तरांनी अंगणात बांबूचा माच बांधून त्यावर एरंडेल लावलेल्या काचा मांडल्या. चिकटलेली धूळ ते सूक्ष्मदर्शकाखाली बघत. माझ्याकडे एकच मागणे होते, "इथी माती चाळू नका, भाऊ. बस्स."

त्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीचे लग्न होते. मास्तर कामासाठी चांद्याला गेलेले. भिंती रंगवायला बायकांनी गेरू कुटला आणि माचापाशीच बसून चाळला. काचा झाकाव्यात असे माझ्या मनात आले. तेवढ्यात मांडवाचे सामान आले आणि मी तिकडे गेलो. संध्याकाळी पश्चिमेकडून मोठे वादळ आले.

दुसऱ्या दिवशी मास्तर परतले. काचांवर लाल कण पाहून, वादळाने वाळवंटाची धूळ आणली असे वाटून नाचायचेच बाकी राहिले. मग आमच्या रंगवलेल्या भिंतीकडे पाहून थबकले. "गेरू कुठी चाळला, भाऊ?"

"मागच्या परसात," मी म्हणालो.

त्यांचा आनंद मोडणे जिवावर आले होते. आणि माझी हयगयही झाकायची होती.

मास्तर काचा घेऊन नागपूरला गेले. तिथे चार मंडळींसमोर प्राध्यापक म्हणाले, "मास्तर, हा तर भिंतीचा गेरू!" पुन्हा मास्तरांना कोणी बोलावले नाही. गावाला मात्र विषय मिळाला. पानठेल्यावरून हाक येई, "काऊन हो मास्तरजी, आमची भिंत वाळवंटातून आली काय?" तेही हसत. म्हणत, "मलेच ओळखता आलं नाई." पुढे त्यांनी माच सोडला. बांबू आमच्या कुंपणाला लागले.

ज्यांना ते आठवतात, त्यांना 'गेरूवाले मास्तर' म्हणूनच आठवतात. म्हणून हे लिहितो. त्यांनी नेमके विचारले होते. खोटे मी बोललो.

वर्षभरात त्यांनी सिरोंच्याकडे बदली मागून घेतली. त्यांची पेटी मीच मोटारीच्या टपावर चढवली. खिडकीतून त्यांनी माझा हात धरला.

"सारं गाव हसलं," ते म्हणाले. "तुम्ही तेवढे हसले नाई, भाऊ. थे मी विसरणार नाई."

मोटार हलली, तेव्हा हात आपोआप सुटला.