खाडीतले गुंडप्पा दाजी

औशाच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, गुंडप्पा दाजींची आडत आहे, आणि दाजींच्या मते बाकीचं जग म्हणजे त्या आडतीचा बाहेरचा कट्टा. हे माझ्या थोरल्या बहिणीचे, कमलम्माचे यजमान. सोयाबीनचा ओलावा मुठीत धरून सांगतात, माणसाची लायकी मात्र मूठ न उघडताच सांगतात. गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नाही. यात वाईट काहीच नाही, लिंग माझ्याही गळ्यात आहे. पण दाजींचा नियम स्वतःच्या गळ्यापाशी थांबत नसे.

त्यांची सून सुकन्या नांदेडची, दुसऱ्या समाजातली, त्यांच्या मुलानं, मल्लिनाथनं स्वतः पसंत केलेली. तिच्या गळ्यात लिंग नाही, म्हणून लग्नापासून दाजींनी तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि घरी सासऱ्यांना रोज इन्सुलिनची सुई देते. सुई चालायची, पाणी चालत नसे. शास्त्र इतकं बारीक असतं.

गेल्या दिवाळीत तिनं आम्हाला सगळ्यांना कोकणात नेलं, वाशिष्ठीच्या खाडीत होडीतून मगरी दाखवायला.

"मगरी बगायला एवढ्या लांब?" दाजी म्हणाले. "आडतीवर रोज येत्यात की."

सकाळी सुई झाली आणि होडीवाल्यानं भरतीची घाई केली. घाईत पूजा करायची नाही, तेव्हा पूजा नि खाणं होडीतून उतरल्यावर, असं दाजींनी फर्मान काढलं. सुई घेऊन उपाशी राहू नका, असं सुकन्या परोपरीनं सांगत होती. सून बोलली तर ऐकायचं नाही, हा आणखी एक नियम होता.

मग लाइफ जॅकेटचा तमाशा झाला. लिंगावर जॅकेट दाबून बसायला दाजी तयार नव्हते. शेवटी जॅकेट आत आणि लिंगाची चांदीची डबी वर, अशी तडजोड झाली. डबी जॅकेटवर मोकळी लोंबत राहिली आणि दाजीसाहेब होडीच्या पुढच्या फळीवर जाऊन बसले.

खाडी अरुंद होत गेली. दोन्ही काठांना कांदळाची झाडं, त्यांची मुळं चिखलातून वर आलेली. सुकन्या हरखून मुळं दाखवत होती, खंड्या दाखवत होती. दाजी आडतीवर आलेला माल बघावा तसे बघत होते. "बगळा तर आमच्या तळ्यावर बी हाय," एवढाच त्यांचा अभिप्राय. तेवढ्यात काठावरच्या ओंडक्यानं डोळा उघडला, आणि मगरींचा रोजचा परिचय असलेले आमचे दाजी ताडकन उभे राहिले. होडी डुलली, एक फांदी जॅकेटवरून घासत गेली, गळ्यातला दोरा तुटला आणि डबी पाण्यात गेली.

पाण्यात उतरायची तर सोयच नव्हती, मगर तिथंच होती.

"लिंग सापडल्याबिगर होडी हलायची न्हाई," दाजी म्हणाले. होडीवाल्यानं ओहोटी लागल्याचं सांगून पाहिलं. पण दाजींपुढं समुद्राची काय कथा! होडी हलली नाही, पाणी मात्र हललं. थोड्याच वेळात आम्ही चिखलात रुतून बसलो, आणि डबी काही दिसली नाही.

ऊन चढलं. दाजींच्या कपाळावर घाम आला, मग हात थरथरायला लागले. साखर उतरत होती. कमलम्मानं लाडू पुढं केला, त्यांनी मान वळवली. लिंग नाही तर पूजा नाही, पूजा नाही तर अन्न नाही. जीभ जड होत चालली होती, तरी नियम स्पष्ट ऐकू येत होता. इतकी वर्षं मला या माणसाचा राग होता. त्या वेळी मात्र मीच त्यांना धरून बसलो होतो. माणूस आमच्या डोळ्यांदेखत चालला होता.

सुकन्या उठून त्यांच्यासमोर बसली. "अप्पा, तुमचा नियम गळ्यात लिंग असणाऱ्याला आहे. आता तुमच्या गळ्यात नाही, माझ्याही नाही. मग माझ्या हातचं का नको?"

दाजींनी तिच्याकडं पाहिलं. मग तोंड उघडलं. तिनं लाडू कुस्करून भरवला, पाणी पाजलं, आणि ते लहान पोरासारखे घटाघट प्याले. कमलम्मा पदरात तोंड घालून रडत होती.

पुढच्या भरतीला होडी सुटली. गावी परतल्यावर मठातल्या स्वामींनी दाजींना नवं लिंग दिलं. दाजी पुन्हा दाजी झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी पूजा करून जेवायला बसले. मीही पंगतीला होतो. सुकन्यानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. दाजींनी तो बोटानं बाजूला सारला आणि आत हाक मारली, "कमल, पाणी आण गं!"

सुकन्या मागं फिरली. तिला दारातच धरून कमलम्मा बाहेर आली.

"तिच्या हातचं पाणी पोटात गेलं म्हणून माझं कुंकू हाय," ती म्हणाली. सगळ्या संसारात तिचा आवाज एवढा चढलेला मी ऐकला नव्हता. "या घरात आता पाणी तीच देणार. न्हाई प्यायचं तर नळाला तोंड लावा जावा."

आमच्या गल्लीत नळ आठवड्यातनं एकदा येतो. तो कालच येऊन गेला होता.

दाजींनी तांब्या उचलला.