हीदरच्या कुंड्यांना हात लावू नये

ईश्वरी पेंडसेला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या नावाने काम दिलं, आणि घरच्यांनी मदत करून करून त्याची वाट लावायला घेतली.

काम तसं साधंच. कतारमध्ये अल दुहैल भागात एका कंपाउंडमध्ये फियोना नावाची स्कॉटिश बाई राहायची. जानेवारीच्या शेवटी तिच्या मुलीचं लग्न होतं, घरच्याच बागेत. त्यांच्याकडे पांढरं हीदर शुभ मानतात, म्हणून तिला प्रत्येक टेबलावर ऐन थंडीत फुलणाऱ्या हीदरची एकेक कुंडी हवी होती. हीदर म्हणजे वीतभर उंचीचं झुडूप, बारीक काड्या आणि त्यांना तांदळाच्या दाण्याएवढ्या फुलांचे तुरे. ईश्वरीच्या मदिनत खलिफातल्या अंगणातली शेवंती फियोनाने पाहिली होती, म्हणून तिने तिलाच विचारलं. मिस्टर पेंडशांना नाही. कतारला येऊन एकोणीस वर्षं झाली तरी ईश्वरी अजून सगळ्यांसाठी 'देवव्रतची मिसेस'च होती. तिला या विचारण्याचं किती अप्रूप वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको. हे काम फसलं तर दुसरं कुणी द्यायचं नाही, हेही तिला पक्कं माहीत होतं.

फियोनाने मातीचंही सांगितलं होतं. "हलकी माती घे, पाणी झरझर उतरलं पाहिजे. खत देऊ नकोस आणि फार लाड करू नकोस." झालं. ईश्वरीने नर्सरीतून कळ्या धरलेली रोपं आणली. इथे 'स्वीट सॉईल' म्हणून मिळते ती, मीठ धुऊन काढलेली रेताड माती घेतली, त्यात थोडं पीट मॉस, म्हणजे दलदलीतलं कुजलेलं शेवाळ, मिसळलं, कुंडीच्या तळाला खडी टाकली आणि रोपं लावून टाकली. खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण शहाण्या माणसांच्या घरात गोष्टी संपतात कुठे?

देवव्रत गॅस कंपनीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. घरात कसलंही मोजमाप आपल्याला न विचारता झालं की त्याला चैन पडत नाही. त्याने एका शुक्रवारी चहा पिता पिता मोबाइलवर काहीतरी अर्धवट वाचलं आणि जाहीर केलं, "ईश्वरी, तुझी माती चुकलीय. हीदरला अ‍ॅसिडिक माती लागते. आंबट! कतारची माती चुनखडीची."

"अहो, ते उन्हाळ्यात फुलणाऱ्या हीदरचं. थंडीतल्याला थोडा चुना चालतो. फियोनाने सांगितलंय."

"फियोना काय केमिस्ट आहे का?"

दुसऱ्या दिवशी तो मातीचा आंबटपणा मोजायची कांडी घेऊन आला. रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की बूटसुद्धा न काढता प्रत्येक कुंडीत ती खुपसायचा आणि डॉक्टरसारखा मान हलवायचा. ईश्वरीच्या नाकात दम आला. मुळं दुखावतात म्हणून सांगितलं तर म्हणाला, "डेटाशिवाय काम करायचं नसतं." त्याने गंधकाची पावडर आणली आणि ईश्वरी बाजारात गेलेली पाहून ती कुंड्यांमध्ये भुरभुरवलीसुद्धा.

हेही एक वेळ निभावलं असतं. पण घरात सासूबाई आल्या होत्या, दापोलीहून, थंडीपुरत्या. आता मूळची कोकणातली बाई आणि झाडाला खत घालायचं नाही हे ऐकून घेणार? त्यांना त्या रेताड कुंड्या बघवेनात. "एवढीशी लेकरं, आणि उपाशी ठेवलीयेस," असं रोज एकदा तरी व्हायचं. त्यात मुलाच्या तोंडून 'आंबट माती' ऐकल्यावर तर त्यांना मार्गच सापडला. त्यांच्या अंगणातल्या कढीपत्त्याला त्या आयुष्यभर आंबट ताक घालत आल्या होत्या, आणि तो कढीपत्ता म्हणे कौलांपर्यंत गेला होता. मग काय, रोज जेवणं झाली की भांड्यात उरलेलं ताक, त्यात भांड्याचं विसळवण, आणि बाई निघाल्या हीदरकडे. एवढं सगळं गुपचूप. सुनेला उगाच त्रास नको म्हणून.

ईश्वरीला कळलं ते वासावरून. कुंड्यांवर पांढरी बुरशी धरली होती, मुंग्यांची रांग लागली होती, आणि काड्या खालून तपकिरी पडत चालल्या होत्या. तिने एक रोप उपटून पाहिलं तर मुळं काळी, चिकट. ती तिथेच पायरीवर बसली. तिला रडू येत होतं आणि रडायचीही चीड येत होती.

"आई, तुम्ही यात ताक घातलंत?"

"अगं, देवव्रतच म्हणाला ना आंबट हवं म्हणून," सासूबाई म्हणाल्या. "मी आपलं घरचं घातलं. त्याच्या पावडरीपेक्षा बरं."

देवव्रत आतून ओरडला, "रीडिंग मात्र सुधारलंय हां!"

भांडायचं कुणाशी? दोघंही तिच्याच भल्यासाठी करत होते, आणि हेच तिला सगळ्यात असह्य होत होतं. मनापासून मदत करणाऱ्या माणसाला हाकलायला आपल्या भाषेत धड शब्दच नाही. तिने अल थुमामाला राहणाऱ्या हजराला फोन लावला. हजरा रत्नागिरीची, ईश्वरीची जुनी मैत्रीण. नवरा शफीक समुद्रातल्या रिगवर, मुलं परदेशात शिकायला.

"तुझी गच्ची रिकामी आहे ना?"

"आहे की. पण मला झाडांतलं काय पण कळत नाही बघ."

"म्हणूनच विचारतेय," ईश्वरी म्हणाली.

सकाळी देवव्रत ऑफिसला गेल्याबरोबर, सासूबाई देवपूजेला बसल्या असताना, दोघींनी जगण्यासारखी रोपं हजराच्या गाडीत भरली. कमी पडली ती नर्सरीतून नवी घेतली. गच्चीवर तीच हलकी माती, तीच खडी, वर सावलीची जाळी. ईश्वरी एक दिवसाआड जाऊन बोट घालून माती बघायची, सुकली असेल तरच पाणी द्यायची आणि हजराकडे चहा पिऊन परत यायची. घरी सांगितलं, "मेली सगळी, फेकून दिली." देवव्रत हळहळला. गंधक आधीच टाकायला हवं होतं म्हणाला.

लग्नाच्या दिवशी फियोनाच्या बागेत टेबलाटेबलावर हीदर पांढरंशुभ्र फुललं होतं. फियोनाने ईश्वरीला मिठी मारली आणि सोडेचना. देवव्रत कोट घालून कुंड्यांकडे आ वासून बघत राहिला, पण मिनिटभरच.

तेवढ्यात एका पाहुणीने येऊन विचारलं, हे कुणी केलं? तिच्या ऑफिसच्या अंगणासाठी पुढच्या थंडीत असंच हवं होतं. ईश्वरीने तोंड उघडायच्या आत देवव्रत पुढे झाला. "अ‍ॅक्चुअली, आम्ही मातीवर बराच रिसर्च केला," तो इंग्रजीत सांगू लागला. "मेन पॉइंट अ‍ॅसिडिटी." बोलता बोलता त्याचा हात खिशातल्या कार्डाकडे गेला.

"मग मातीत नेमकं काय घातलंत?" पाहुणीने विचारलं.

देवव्रत अडखळला. बायकोकडे वळून मराठीत हळूच म्हणाला, "काय घातलंस गं?"

"काही नाही," ईश्वरी त्याला म्हणाली, आणि तेच तिने पाहुणीला इंग्रजीत सांगितलं. मग स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, नंबर सांगितला, आणि पाहुणीने तो फोनमध्ये लिहून घेईपर्यंत तिथून हलली नाही.

पाहुणी गेली. देवव्रत कार्ड हातात धरून तसाच उभा होता. "आणि मी काय करू?" त्याने विचारलं. नेहमीसारखं फणकाऱ्याने नाही, खरोखरच विचारलं.

ईश्वरीने त्याच्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत त्याने हे पहिल्यांदा विचारलं होतं.

"जेवणं झाली की कुंड्या गाडीत ठेवा, परत न्यायच्यात," ती म्हणाली. "आणि बोट घालून बघू नका."